कॉलेजची मुलं लिहायला येतात तेव्हा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत संघाच्या सचिव ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी, आणि गटाच्या बैठकीत वाचून दाखवता यावा म्हणून, तो इथे छापत आहोत.)



अध्यक्ष ताई, ग्रामसंघांच्या पदाधिकारी, आमच्या सीआरपी ताया, आणि सकाळची भाकर थापून, जनावरांचं करून इथवर आलेल्या तुम्ही सगळ्या. हिशोब कोषाध्यक्ष ताईंनी वाचला, तो तुम्ही मंजूर केलात. माझ्याकडे आज हिशोबाचा विषय नाही. पण ज्या विषयावर बोलणार आहे त्यात आपला पैसाही आहे आणि आपली अब्रूही आहे, म्हणून जरा नीट ऐका.

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या बऱ्याच गावांत कॉलेजची मुलं-मुली यायला लागली आहेत. पाठीला सॅक, हातात वही, मोबाइल. "मावशी, तुमच्या गटाची माहिती पाहिजे होती." कोणी पापड लाटतानाचा फोटो काढतं, कोणी प्रश्नांचा कागद भरून नेतं. चहा होतो, मुलं जातात. मग पुढच्या बैठकीत तुमच्यातलीच कोणीतरी विचारते, "ताई, ती पोरं कशाला आली होती हो? आपल्याला त्याचं काय मिळालं?" प्रश्न रास्त आहे.

ती कशाला येतात ते आधी सांगते. नवीन शैक्षणिक धोरण आलं. आपल्या महाराष्ट्रात २०२३-२४ पासून टप्प्याटप्प्याने कॉलेजांचा अभ्यासक्रम त्याप्रमाणे बदलला. त्यात नुसती पुस्तकं वाचून पदवी मिळत नाही. फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट, ऑन जॉब ट्रेनिंग अशी कामं करावी लागतात आणि त्याला क्रेडिट असतात. क्रेडिट म्हणजे गुणांचं माप समजा. अशा प्रत्यक्ष कामात एका क्रेडिटला साधारण ३० तास धरतात. म्हणजे दोन क्रेडिटचं काम असेल तर त्या मुलीने ६० तास कुठेतरी खरोखर काम करायला हवं. समाजकार्याची मुलं तर आधीपासूनच येत होती. आता मराठीची, कॉमर्सची, पत्रकारितेचीही येतात.

तर त्यांना काम हवंय. आणि आपल्याकडे एक काम कायम पडून असतं, ते म्हणजे लिहिण्याचं.

विचार करा. आपला माल चांगला असतो. चटणी, कुरडई, शेवया, नाचणीचे लाडू, कशालाच नाव ठेवायला जागा नाही. पण प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवर छापील दरपत्रक, आपल्याकडे पुठ्ठ्यावर पेनाने लिहिलेले भाव. बँकेत कर्जप्रस्ताव घेऊन गेलो की साहेब विचारतात, धंद्याचा आराखडा कुठंय? दुकानदार पाकीट उलटंपालटं करून बघतो, आणि मागे काही छापलेलं नसलं की परत देतो. हातात कसब असून आपण कागदावर मार खातो. ही मुलं कागदाचंच शिकत असतात. म्हणजे दोघांची गरज जुळते. मग बिघडतं कुठे?

मागे एका कॉलेजच्या प्राध्यापक ताई आपल्या कार्यालयात आल्या होत्या. त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी वहीत उतरवून ठेवली आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांत 'व्यावसायिक लेखन' असा एक विषयच शिकवतात. तिथली मुलं गावातल्या संस्थांसाठी, कॉलेजच्या आवारातल्या मंडळांसाठी माहितीपत्रकं लिहितात, निधीचे अर्ज लिहितात, कामकाजाच्या पुस्तिका लिहितात. आणि ज्या संस्थेसाठी लिहायचं तिला चक्क गिऱ्हाईक म्हणतात. थॉमस डीन्स नावाचे तिथले एक प्राध्यापक आहेत. त्यांनी २००० साली यावर पुस्तक लिहिलं आणि अशा लिखाणाचे तीन प्रकार सांगितले. लोकांविषयी लिहिणं, लोकांसाठी लिहिणं आणि लोकांबरोबर लिहिणं. मला ते एकदम पटलं. कारण आपल्याकडे येणारी दहातली नऊ मुलं आपल्याविषयी लिहून जातात. आपल्यासाठी फार थोडी लिहितात. आणि बरोबर बसून लिहिणारी एखादीच.

आता हे तिन्ही प्रकार आपल्या घरच्या उदाहरणांनी सांगते. नावं सांगणार नाही, ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारूनच सांगते आहे.

आपल्याविषयी लिहिणं म्हणजे यशोगाथा. सगळ्यांना यशोगाथा हवी असते. आपल्या एका गटातल्या ताईंनी अंतर्गत कर्ज काढून दोन शेळ्या घेतल्या, पुढे शेळ्या वाढवल्या, मुलीला नर्सिंगला घातलं. एक विद्यार्थिनी दोन तास बसून सगळं लिहून घेऊन गेली. मुलगी चांगली होती, जाण्याआधी मसुदा दाखवायला आली हे तिचं कौतुकच. ताईंना वाचता येत नाही, म्हणून सीआरपीने मोठ्याने वाचून दाखवला. पहिलंच वाक्य होतं की नवऱ्याच्या व्यसनाने उद्ध्वस्त झालेली एक असहाय अबला. ताईंनी तिथेच थांबवलं. म्हणाल्या, "असहाय कोण? मी? पोरी, मी असहाय असते तर शेळ्या कोणी सांभाळल्या? आणि माझा नवरा दारू पितो हे मी तुला सांगितलं, तू विचारलंस म्हणून. ते छापायला नाही सांगितलं. माझी लेक उद्या लग्नाची होईल."

मैत्रिणींनो, हे छापून आलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? मुलीला गुण मिळालेच असते. कॉलेजचा अहवाल सजला असता. घरी भोगावं लागलं असतं ते त्या ताईंना आणि त्यांच्या लेकीला. मुलीने तो भाग काढला. त्या जागी शेळीचा विमा, पीपीआरची लस, चारा कुठून आणला, कर्जाचे हप्ते कसे फेडले हे लिहिलं. आणि खरं सांगू का, ती गोष्ट आधीपेक्षा कितीतरी कामाची झाली. दुसऱ्या गावातल्या बायांनी ती ऐकून शेळीच्या विम्याची चौकशी केली. रडगाण्याने असं काही झालं नसतं.

म्हणून आपल्याविषयी काहीही लिहिलं गेलं तर ते छापण्याआधी जिची गोष्ट आहे तिला मोठ्याने वाचून दाखवायचं. नुसतं सांगायचं नाही की "तुमचं चांगलंच लिहिलंय". शब्द न् शब्द वाचायचा. फोटोचंही तेच. फोटो काढताना हसलो म्हणजे छापायला होकार दिला असं होत नाही.

आता आपल्यासाठी लिहिणं. यात लेबलचं काम सगळ्यात जास्त येतं. नाचणीच्या लाडवांच्या पाकिटासाठी एका मुलाने लेबल लिहून आणलं. रंग सुरेख, अक्षरं सुबक. वर ठळक लिहिलं होतं, 'मधुमेहींसाठी वरदान'. आमच्या लाडू करणाऱ्या काकू चष्मा लावून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "बाळा, यात अर्धा गूळ आहे. मधुमेहाला वरदान कसं?" सगळ्या हसल्या, मुलगाही हसला. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. खाण्याच्या वस्तूवर रोग बरा होतो असा दावा छापायला कायद्याने बंदी आहे. तसं पाकीट बाजारात गेलं असतं तर कारवाई त्या मुलावर झाली नसती, पाकिटावर ज्यांचं नाव त्या गटावर झाली असती.

काकूंनी आणखी एक चूक पकडली. घटक पदार्थ त्याने सुचतील तसे लिहिले होते, नाचणी, तूप, शेंगदाणे, गूळ, वेलची. नियम असा आहे की जे वजनाने सर्वात जास्त ते आधी, आणि मग उतरत्या क्रमाने. आपल्या लाडवात तूप गुळाच्या आधी येऊच शकत नाही. हे त्या मुलाला कुठून कळणार? माप काकूंच्या हातात आहे.

लेबलवर काय काय लागतं ते एकदा ऐकून ठेवा. पदार्थाचं नाव. घटक, आत्ता सांगितलेल्या क्रमाने. शेंगदाणे, गहू, दूध असलं काही असेल तर ते वेगळं नमूद करायचं, कारण काहींना त्याची ॲलर्जी असते. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. निव्वळ वजन. सर्व करांसह किंमत. बॅच नंबर. कधी बनवलं आणि कुठल्या तारखेपर्यंत वापरायचं. गटाचं नाव, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन. आणि एफएसएसएआयचं चिन्ह व आपला १४ आकडी क्रमांक. हा क्रमांक छापण्याआधी दोघींनी मिळून, एकीने वाचायचा आणि दुसरीने प्रमाणपत्रावर बोट ठेवून बघायचा. स्टिकर हजाराने छापून घेतले आणि एक आकडा चुकला तर सगळा गठ्ठा वाया. ही यादी पूर्ण आहे असं समजू नका. पदार्थाप्रमाणे आणखीही काही लागतं, ते आपल्या तालुका कार्यालयातून तपासून घ्या.

सांगायचं काय, तर आपल्यासाठी लिहिणाऱ्याला सुबक लिहिता येतं, पण खरं-खोटं आपल्यालाच ठाऊक असतं. गिऱ्हाईक आपण आहोत. शिंप्याकडे ब्लाउज टाकला की माप आपण देतो, घालून बघतो, बाही घट्ट झाली तर उसवायला लावतो. तिथे कुणी लाजत नाही. मग कॉलेजच्या पोराने लिहून आणलं की माना डोलावून "छान छान" का म्हणतो?

आणि तिसरं, बरोबर बसून लिहिणं. याचं मला सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं. मसाला करणाऱ्या गटाने पल्व्हरायझर घेतला. मशीनबरोबर माहितीपुस्तिका आली ती सगळी इंग्रजी. एकच ताई मशीन चालवायची. ती माहेरी गेली की काम बंद. एक विद्यार्थिनी आली, तिला हे काम दिलं. तिने काय केलं, तर तीन दिवस त्या ताईच्या शेजारी बसली. ताई काय करते, कशाच्या आधी काय करते, बघत राहिली, विचारत राहिली. मग ताईच्याच बोलीत सूचना लिहिल्या. आधी मिरची निवडून घ्यायची, आत खिळा, तार, खडा काही जाता कामा नये. नाकाला फडकं बांधायचं, पदर खोचायचा, बांगड्या मागे सारायच्या. मशीन रिकामं चालू करायचं, पुरता वेग येऊ द्यायचा, मगच थोडं थोडं टाकायचं. बंद करताना आतलं सगळं बाहेर पडू द्यायचं. जाळी बदलायची असेल तर नुसतं मशीनचं बटण नाही, भिंतीवरचं मेन बंद करायचं, आणि मगच झाकण उघडायचं.

एवढ्यावर ती थांबली नाही. जिने मशीनला कधी हात लावला नव्हता अशा बाईला तो कागद दिला आणि शेजारी मशीनवाल्या ताईला उभं केलं. म्हणाली, "आता तुम्ही कागदावर बघून करा. कुठे अडलात की बोलायचं नाही, फक्त थांबायचं." ती बाई दोन ठिकाणी थांबली. 'पुरता वेग' म्हणजे कधी, हे तिला कळेना. मशीनवाली ताई म्हणाली, "आवाज एकसारखा लागला की समजायचं." ते वाक्य कागदावर गेलं. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून आज भिंतीवर आहे, आणि मशीन आता चौघी चालवतात. खाली त्या विद्यार्थिनीचं नाव आहे आणि त्या ताईचंही. असंच असायला हवं.

आता एक नवीन गोष्ट. हल्ली मोबाइललाच सांगितलं की तो झरझर लिहून देतो. एका माहितीपत्रकाचा मसुदा आमच्याकडे असा आला. 'सक्षमीकरणाच्या वाटेवर आत्मविश्वासाने पाऊल टाकणाऱ्या महिला' वगैरे. ऐकायला गोड. पण त्यात आपल्या गावाचं नाव एकदा, पदार्थाचं नाव एकदा. पापड काढून अगरबत्ती घातली असती तरी चाललं असतं. मोबाइल वापरू नका असं मी कोणाला म्हणत नाही. पण परीक्षा सोपी आहे. वाचून दाखवलेलं आपल्याच गटाचं वाटतं का, की कुठल्याही गटाला चिकटेल? चिकटत असेल तर परत द्या आणि म्हणा, "बाळा, आमच्याकडे येऊन एक दिवस बस."

थोडं कागदाचं बोलते. कंटाळवाणं आहे, पण याच्यावाचून चालणार नाही. पुढच्या वेळेपासून काम सुरू होण्याआधी एक साधं पत्र करायचं. त्यात काम काय, कधीपर्यंत, कॉलेजकडून जबाबदार कोण, आपल्याकडून कोण, आणि छापण्याआधी गटाची मंजुरी लागेल. सध्या सोबत एक ओळ जास्त घालायची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे जो लिहितो किंवा चित्र काढतो तोच साधारणपणे त्याचा पहिला मालक असतो. तुम्ही म्हणाल, लाडू आमचे, लेबल आमचं. पण तो हक्क आपल्याकडे यायचा तर त्या विद्यार्थ्याने सही करून लेखी द्यावा लागतो. आणि किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर पाचच वर्षं धरतात. म्हणून मुदतही स्पष्ट लिहून घ्यायची. मुलं आनंदाने देतात, विचारायला हवं एवढंच.

दुसरं, फाइल. छापलेला कागद मिळाला म्हणजे काम मिळालं असं नाही. पुढच्या वर्षी किंमत बदलेल, तेव्हा ती बदलता येणारी मूळ फाइल आपल्याकडे हवी. ती मुलाच्या लॅपटॉपमध्ये राहिली आणि मूल पदवी घेऊन पुण्याला गेलं, की आपण पुन्हा पुठ्ठ्यावर. फाइल संघाच्या ईमेलवर आली, सीआरपीने उघडून पाहिली, मगच काम पूर्ण.

आणि काही कामं त्यांना द्यायचीच नाहीत. ठराव आपण लिहायचा. हिशोबाच्या वह्या आपण लिहायच्या. गटाच्या लेखनिक ताईचं अक्षर वाकडं असेल, असू दे. कोणी किती कर्ज घेतलं, कशासाठी घेतलं, कोणाचा हप्ता थकला, या वह्यांचे फोटो काढू द्यायचे नाहीत. आधार कार्ड, पासबुक तर मुळीच नाही. मूल प्रामाणिक असेल, पण त्याचा मोबाइल हरवू शकतो.

तासांच्या सहीचंही सांगते, कारण यावर दोन गावांत वाद झाला. काम संपलं की मुलं एक फॉर्म आणतात. किती तास काम केलं, कसं केलं, त्यावर संस्थेची सही-शिक्का. काही जण दोनदा आलेले असतात आणि म्हणतात, "मावशी, ६० तास लिहा ना, माझं वर्ष जाईल." जीव कळवळतो, मला माहीत आहे. आपल्या पोरांसारखीच असतात. पण बैठकीला न आलेल्या बाईची हजेरी आपण लावतो का? नाही लावत. तोच नियम इथे. तास कमी पडत असतील तर काम द्या, उरलेले तास करून घ्या, मग सही करा. कोऱ्या फॉर्मवर शिक्का कोणीही मारायचा नाही.

त्यांची बाजूही बघायला हवी. एसटीने येतात, दुपारची गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत थांबतात. आपण म्हणतो मंगळवारी या, आणि मंगळवारी सगळ्या कांदा काढायला रानात. तीन वेळा असं झालं की मूल घरीच बसून काहीबाही लिहून काढतं, त्याला बोल लावून उपयोग नाही. वेळ दिली तर पाळायची. आणि चुकलं असेल ते तोंडावर, पण गोडीने सांगायचं. मागून नावं ठेवून त्यांना काय शिकायला मिळणार?

शिवाय ही मुलं परकी थोडीच आहेत? आज इथे बसलेल्यांपैकी किती जणींच्या लेकी कॉलेजात आहेत? हात वर करा बघू. बघा किती आहेत. १८५५ साली पुण्यात, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाईने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या माणसांचं लिहायला तिने बाहेरच्या कोणाची वाट पाहिली नाही. तुमच्या लेकीला प्रोजेक्ट करायचाच आहे, तर तो आपल्या संघात का करू नये? तिला पल्व्हरायझर म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही, आणि आईची कुठली गोष्ट छापायची नाही हेही सांगावं लागणार नाही. फक्त तिच्या सरांना आधी विचारा, काही कॉलेजं स्वतःच्या घरच्या गटात काम करू देत नाहीत. तसं असेल तर शेजारच्या गावचा गट घ्या.

आता पुढचं. दोन महाविद्यालयांनी या सत्रासाठी आपल्याकडे विचारणा केली आहे. परीक्षा जवळ आल्या की मुलं येत नाहीत, आणि उन्हाळ्यात आपल्याला पापड-कुरडयांमुळे मान वर करायला वेळ नसतो. म्हणून कामाची मागणी लवकर द्यायला हवी. प्रत्येक ग्रामसंघाने पुढच्या मासिक बैठकीत विषय घ्यायचा, कुठल्या गटाला काय लिहून हवं. लेबल, दरपत्रक, बँकेचा प्रस्ताव, मशीनच्या सूचना, काहीही. एका ग्रामसंघाकडून एकच काम आलं तरी चालेल, पण ज्याची खरी अडचण आहे तेच द्या. गटातून एका ताईचं नावही द्या, जी त्या मुलांबरोबर बसेल. तिला वाचता येत नसलं तरी हरकत नाही, लेबलवाल्या काकूंसारखी तिला कामाची पक्की माहिती हवी. पत्राचा नमुना कार्यालयात ठेवला आहे. तो नेताना सीआरपी ताईकडून एकदा वाचून घ्या.